नऊचा आकडा

"दार एकच आहे का?" ऑफिसातून आलेल्या त्या माणसानं विचारलं.

दोन खोल्यांच्या घराला आणखी किती दारं असणार? पण मी तोंड उघडायच्या आत त्यानं कागदावर लिहूनही टाकलं. त्याच्याबरोबरची बाई टेप घेऊन माझी बाहेरची खोली मोजत होती आणि आठ पोरं भिंतीला पाठ लावून तिच्याकडं बघत बसली होती. टेपचं टोक त्यातल्या रूथच्या पायाशी आलं तसं तिनं ते मुठीत धरलं आणि सोडायलाच तयार नाही. ती बाई हसली. मला वाटलं, हसतीय म्हणजे बाई बरी दिसतीय. कशाचं काय! तासाभरात माझं घर पोरांना बंद.

स्टोव्ह पोरांच्या खोलीतच. आग विझवायचं लाल नळकांडं नाही. आठ पोरांमागं बाई एक. संडास मोठ्या माणसांचा. आणि सगळ्यात वर, नोंदणी नाही, परवाना नाही. परवाना मिळेपर्यंत एकही मूल ठेवायचं नाही, म्हणून सही घेतली. खोटं कशाला बोलू, त्यांनी लिहिलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दोघं एकदम रडायला लागली की तिसरं रांगत कुठं गेलं हे मला दिसायचं नाही, आणि हे मला त्यांच्या आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तर जास्त झोंबलं.

मी गोदावरी माळी. मिरजेत सगळी मला गोदाक्का म्हणतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि आमची गल्ली अशाच एका मोठ्या दवाखान्याच्या मागची. माझे मालक तिथं वॉर्डबॉय होते. ते गेले, मूलबाळ काही नव्हतं, तेव्हा तिथल्या नर्सबायकांनीच मला सांभाळलं. म्हणजे त्यांनी आपली पोरं माझ्याकडं आणून ठेवली. नर्सची ड्युटी काही शाळेच्या घंटेवर सुटत नाही. कुणाचं पोर पहाटे सहाला यायचं, कुणाचं दुपारी. मी कधी घड्याळ दाखवलं नाही आणि कुणी मला कागद विचारला नाही.

माझं माहेर अथणीकडचं, कानडी मुलखातलं. मराठी मला सासरानं शिकवली, पण तान्ह्या पोराशी बोलायला लागले की तोंडात आईची भाषा यायची. जेवण पुरे झालं की 'साकु'. नको असलं की 'बेडा'. आणि कुणी पडलं, आपटलं, तर त्या जागी फुंकर घालून म्हणायचं, 'नोवू होय्तू'. नोवू म्हणजे दुखणं, होय्तू म्हणजे गेलं. माझ्याकडची पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'साकु' म्हणायची, आणि त्यांच्या आया मला हसून म्हणायच्या, अक्का, आमच्या पोरांना तुम्ही कर्नाटकात दत्तक देणार. हसायच्या, पण शब्द काही लक्षात ठेवायच्या नाहीत. घरी पोरगं काय मागतंय ते कळलं नाही की दुसऱ्या दिवशी मला विचारायच्या.

माझ्यावर कुणी तक्रार केली ते मला शोधावं लागलं नाही. तक्रार करणारी स्वतःच आली सांगायला.

वृंदा कारखानीस तिचं नाव. सगळे मॅडम म्हणायचे. पुण्याहून आलेली, शिकलेली, कडक इस्त्रीची साडी. मुख्य रस्त्यावर तिनं 'फुलोरा' नावाचं पाळणाघर काढलं होतं आणि दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा काय दिसायचं, तर काचेच्या चौकटीतला परवाना. महिन्याआधी ती माझ्याकडं येऊन गेली होती, माझ्याकडच्या पोरांच्या आयांना तिच्याकडं पाठवा म्हणून. मी नाही म्हटलं. आणि ऑफिसातली माणसं घर मोजून गेल्यावर चौथ्या दिवशी ती परत आली.

"मीच अर्ज केला होता, मावशी," ती म्हणाली. "राग नसावा. मुलांच्या जिवाशी खेळ नको म्हणून केला. आणि तुम्हाला मुलांची सवय आहे, तुम्ही आमच्याकडे या ना. शी-शू बघायला एक बाई लागतेच."

मी तिला चहा दिला. आलं ठेचून घातलं. अकरा वर्षं पोरं वाढवली मी, त्यातली तीन माझ्या हातावर पहिलं पाऊल टाकून गेली, आणि ही बाई मला शी-शू बघायला बोलावत होती. माझी आई म्हणायची, डूख धरावा तर नागिणीनं. मी म्हणते, नागिणीनं माझ्याकडं शिकवणीला यावं.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. फुलोऱ्यासमोर शिंप्याचं दुकान होतं, तिथल्या बाकावर जाऊन मी बसायची. ब्लाउज शिवायला टाकलाय म्हणायचं आणि डोळा समोर लावायचा. कुठंतरी चुकेलच की ही. पोरं मोजली, कामाच्या मुली पोरांना ओरडतात का ते कान देऊन ऐकलं, मागच्या बाजूला जाऊन उष्ट्याची बादलीसुद्धा बघितली. काही सापडेना. दारं दोन. संडास बुटके, पोरांच्या मापाचे. तीन मुली कामाला, तिघीही गोड बोलणाऱ्या. चांगलं चाललं होतं हो तिचं, आणि मला त्याचीच चीड यायची. माझी आठच्या आठ पोरं आता तिथं होती. सकाळी माझ्या दारावरूनच जायची. थोरली हात हलवायची, धाकटी आईच्या खांद्यावरून माझ्याकडं झेप घ्यायची, आणि आया मान खाली घालून पाय उचलायच्या.

मग तो शुक्रवार आला.

संध्याकाळी सुवार्ता सिस्टर दारात उभी राहिली. सुवार्ता साळवे, नगरकडची, नवरा पुण्याला कामाला, आणि ही एकटी इथं पोरीला घेऊन. रूथ तिचीच. अडीच वर्षांची, कुरळ्या केसांची, दीड महिन्याची असल्यापासून माझ्या मांडीवर वाढलेली. सुवार्ताला वाईट वाटत होतं माझं, पण करणार काय बिचारी? आठवडाभर डबल ड्युटी करून तिचे डोळे आत गेले होते. तरी तिनं पिशवीतून एक वही काढली. फुलोऱ्यात प्रत्येक पोराची एक वही असायची, दिवसभरात काय खाल्लं, काय शिकलं ते त्यात लिहून घरी पाठवायचे. तिला ती मला दाखवायची होती. मला म्हणाली, अक्का, तुम्हाला बरं वाटेल म्हणून आणली.

सोमवारच्या पानावर कडधान्याचं फुलपाखरू होतं. वाटाणे, मसूर, राजमा डिंकानं चिकटवलेले. मंगळवारपासून अंकओळख सुरू झाली होती. खाली मॅडमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'रूथ आज नऊ म्हणाली.' बुधवारी, 'रूथला नऊ हा अंक फारच आवडलेला दिसतो.' गुरुवारी, 'दिवसभर नऊ नऊ चालू होतं. थोडी रडली, पण अंकओळख उत्तम.' त्यापुढं हसऱ्या तोंडाचा शिक्का.

मी वहीतून मान वर केली. रूथ आईच्या कडेवर होती, नाक वाहत होतं, डोळे जड. तिनं माझ्याकडं बघितलं, डावा हात डोक्याच्या बाजूला नेला आणि म्हणाली, "अक्का, नोवू."

"बघा, तुमच्यापुढंही नऊ," सुवार्ता कौतुकानं म्हणाली.

नऊ कुठलं, नोवू! चार दिवस. चार दिवस ती पोर सगळ्यांना सांगत होती की दुखतंय, आणि ती माणसं तिला शाबासकी देत होती. मी तोंड उघडलं. अगदी उघडलं होतं. तेवढ्यात सुवार्ता म्हणाली की परवा रविवारी फुलोऱ्याचं संमेलन आहे, मोठे साहेब येणार आहेत, परवाना देणारी ऑफिसातली माणसंही येणार आहेत, आणि मॅडमनी रूथला निवडलंय. स्टेजवर सगळी पोरं आठपर्यंत म्हणणार आणि शेवटचा नऊ एकटी रूथ म्हणणार.

मी तोंड मिटलं.

डोक्यात सगळं कसं लख्ख दिसलं. ती खोली मोजणारी बाई पहिल्या रांगेत. मॅडम माईकपाशी. पोरगी म्हणणार नोवू, सगळे वाजवणार टाळ्या, आणि मागून गोदाक्का उठणार. असं पान देवानं माझ्यापुढं वाढलं होतं आणि दोनच दिवस थांबायचं होतं. पोरांचे कान दुखतातच की सर्दीनं. रूथचा तर दर थंडीत दुखायचा. दोन दिवसांनी काय होतंय, असं मी माझ्या मनाला सांगितलं, आणि मनानं लगेच ऐकलं.

तरी अगदीच गप्प बसवेना म्हणून म्हटलं, "वारं लागलंय पोरीला. टोपडं बांध घट्ट, काढू नको."

शनिवारी सकाळी मी दारात झाडत होते. सुवार्ता लगबगीनं चालली होती. रूथनं टोपड्यातलं डोकं आईच्या खांद्यावर टाकलं होतं, डावा कान खाली दाबून. मला बघितलं तशी तिनं मान उचलली आणि हात पुढं केला. मी केरसुणी घेऊन आत गेले आणि दाराआड उभी राहिले, त्या दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत.

रविवारी मी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले. शाळेच्या हॉलमध्ये संमेलन होतं, सकाळी दहाला. खुर्च्या भरल्या होत्या. टेपवाली बाई खरोखरच पहिल्या रांगेत होती. मी मागून तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरली, म्हणजे उठायला बरं.

साहेबांचं भाषण झालं. परवाना असलेलं आणि नसलेलं पाळणाघर यातला फरक आईबापांनी ओळखावा, असं ते म्हणाले. मॅडम मान डोलवत होती. मग कागदी मुकुट घातलेली पोरं आली. माझीच पोरं सगळी. रूथच्या टोपड्यावरच मुकुट बसवला होता. गाल लालभडक, पाय धड टेकत नव्हते, एका मुलीनं तिला मागून धरलं होतं. एक, दोन, तीन झालं. आठ झालं. मॅडम गुडघ्यावर बसली, माईक रूथच्या तोंडाशी नेला आणि लाडानं विचारलं, आठच्या नंतर काय गं?

रूथनं समोर बघितलं आणि तिला मी दिसले.

"नोवू," ती म्हणाली. मग रडत, हात पसरून, "अक्का, नोवू."

टाळ्यांनी हॉल दणाणला. मी टाळ्या थांबेपर्यंत थांबले. हो, तेवढीसुद्धा थांबले. मग मधल्या वाटेनं चालत गेले, स्टेजवर चढले आणि मॅडमच्या हातातून माईक घेतला. तो तिनं दिलासुद्धा. तिला वाटलं असेल, बाई कौतुक करायला आली.

"ही नऊ म्हणत नाही," मी म्हटलं. "कानडीत नोवू म्हणजे दुखणं. ही पोर मंगळवारपासून तुम्हाला दुखतंय म्हणून सांगतीय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय."

मी स्टेजपाशी आलेल्या सुवार्ताकडून ती वही मागून घेतली आणि एकेक दिवस वाचला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. हसऱ्या तोंडाचा शिक्कासुद्धा वाचून दाखवला. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती म्हणाली, आमच्यापैकी कुणाला कन्नड येत नाही.

"आणि रडणं?" मी विचारलं. "ते कुठल्या भाषेतलं असतंय, मॅडम?"

पहिल्या रांगेत टेपवालीनं मान खाली घातली. सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या क्षणी मला इतकं सुख झालं की आयुष्यात तेवढं दुसऱ्या कशानं झालं नाही. शी-शू बघणारी बाई उभी होती आणि परवानेवाली मॅडम जमिनीकडं बघत होती. मी रूथला उचललं, कडेवर घेतलं आणि सगळ्यांना दिसावं म्हणून तिचं टोपडं सोडलं.

वास आला. टोपड्याचं आतलं कापड पिवळं झालं होतं आणि कानातून मानेपर्यंत ओघळ वाळला होता.

सुवार्तानं किंकाळी फोडली नाही की काही नाही. नर्स होती ती. तिनं माझ्या हातातून पोरगी घेतली आणि पळत सुटली. आम्ही सगळे मागून. दवाखाना पाच मिनिटांवर. कानाच्या डॉक्टरांना घरून बोलावलं. भूल देऊन कानात चिमटा घातला आणि त्यांनी काय काढलं, तर वाटाणा. फुगून टम्म झालेला, मोड आलेला. सोमवारच्या फुलपाखरातला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दाराशी सुवार्ता होती, मी होते, चारपाच आया होत्या, आणि कोपऱ्यात मॅडमही होती. येऊन उभी राहिली होती बिचारी, पळाली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की जिवाला धोका नाही, पण पू आत उतरलाय, पडदा गेला आणि पडद्यामागची नाजूक हाडंही गेली. या कानानं आता ऐकू येणं कठीण.

"काल-परवाच बिघडलंय हे," ते म्हणाले. "परवा आणली असती, तर कान वाचला असता."

सगळ्यांनी वळून मॅडमकडं बघितलं. सुवार्ता तिला काय काय बोलली ते मी इथं सांगत नाही. मॅडम एका शब्दानं उलटून बोलली नाही. पदर तोंडाला लावून उभी होती आणि परत परत म्हणत होती, चुकलं माझं, चुकलं. माझ्या हातात रूथचा कागदी मुकुट राहिला होता. परवा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी ती पोर मला हात लावून सांगत होती. मी बोलले नाही. त्या दारातही बोलले नाही, आणि नंतर चौकशीला ऑफिसातली माणसं आली तेव्हाही नाही. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, स्टेजवर.

फुलोरा महिन्याभरात बंद झाला. मॅडम पुण्याला परत गेली, पुन्हा तिनं पाळणाघर काढलं नाही असं ऐकलं. आया माझ्या दारात रांग लावून आल्या. टेपवाली बाई स्वतः आली आणि फॉर्म कसा भरायचा ते तिनंच शिकवलं. घरमालकानं मागच्या भिंतीला दुसरं दार काढून दिलं, स्टोव्ह आतल्या खोलीत गेला, लाल नळकांडं भिंतीला लागलं, दोन मुली हाताखाली आल्या. सगळं कायद्याप्रमाणं. माझाही परवाना काचेच्या चौकटीत बसला. त्यासाठी त्यांनी दारं मोजली, खिडक्या मोजल्या, माझं रक्त तपासलं. मनात काय आहे ते तपासायचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

पंचवीस वर्षं झाली त्याला. मी सत्तरीला टेकले.

गेल्या महिन्यात रूथ आली. बँकेत लागलीय, नवराही चांगला मिळालाय. कडेवर आठ महिन्यांची पोरगी. ती माझ्या शेजारी कॉटवर बसली आणि बाळाला वाटीतला मऊ भात भरवायला लागली. तिची रजा संपत आलीय म्हणाली. मोठमोठी पाळणाघरं बघून आली, कॅमेरे असलेली, मोबाइलवर पोर दिसतं अशी. मी तिला म्हटलं, मग तिथंच ठेव की, मी आता म्हातारी झाले.

"आई म्हणाली, कागद काय, कुणाकडेही असतो. माणूस बघ," रूथ म्हणाली. "अक्का, सगळ्या हॉलमध्ये तुम्हाला एकटीला कळलं होतं मला काय होतंय ते. तुम्ही नसता तर मी मेले असते. माझ्या पोरीला मी दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

ती पुन्हा बाळाकडं वळली. तिची डावी बाजू माझ्याकडं होती. केस मागं बांधले होते, कानात छोटीशी कुडी. इतक्या जवळून तो कान मी कधी बघितला नव्हता. मी जरा पुढं झुकले.

"शुक्रवारीच कळलं होतं गं मला," मी त्या कानाशी म्हटलं. "दोन दिवस मी मुद्दाम गप्प बसले."

बाळ भाताचा घास थुंकून 'बू' म्हणालं. रूथनं त्याचं तोंड पुसलं. मग माझा श्वास तिच्या गालाला लागला असावा, तिनं मान वळवली आणि नेहमीसारखा उजवा कान पुढं केला.

"काय म्हणालात अक्का? त्या बाजूनं नाही ना ऐकू येत मला."

मी तिच्या हातातली वाटी घेतली.

"काही नाही," मी म्हटलं. "सोमवारपासून आण हिला. आणि ती काय काय बोलते, ते सगळं मला आधी सांगून ठेव."